श्वासाचा दाखला

जैनी पुंगाटी माडिया आहे की नाही, हे ठरवण्यासाठी शासनाने तिला एक पेला दूध प्यायला दिलं.

पेला स्टीलचा होता, दूध कोमट होतं, साखर नव्हती. समोरच्या टेबलावर मिक्सरएवढं एक यंत्र होतं आणि त्याला एक नळी. दूध प्यायचं, बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचं आणि थोड्या थोड्या वेळाने आत येऊन नळीत फुंकायचं. पोटात दूध नासलं की यंत्रावरची लाल पट्टी वर चढते. निमूट पचलं तर पट्टी जागची हलत नाही. पट्टी चढली तर अर्जदार आदिवासी. नाही चढली तर अर्जदार बोगस, आणि बोगस माणसाला पशुवैद्यकीय महाविद्यालयात आदिवासींच्या जागेवर प्रवेश मिळत नाही. जैनीला प्रवेश मिळाला होता. तो पक्का व्हायला एवढी एक फुंकर बाकी होती.

यंत्राच्या अंगावर आप्तभाव पडताळणी मंडळाचं बोधचिन्ह होतं आणि त्याखाली ‘श्वास खोटं बोलत नाही’ असं ठळक अक्षरांत छापलं होतं.

पहिल्या फुंकरीला पट्टी हलली नाही.

“जोरात फुंका,” तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. “पहिल्यांदा सगळे लाजतात.”

जैनी लाजत नव्हती. ती बांबूच्या नळीने चूल फुंकत वाढलेली मुलगी होती. तिने फुंकलं तेव्हा टेबलावरचे कागद उडाले. पट्टी तेवढी बसून राहिली.

यामागचं विज्ञान साधं आहे आणि ते खरं आहे. खोटं विज्ञान सरकारच्या हाती पडलं तर फारसं बिघडत नाही. खरं पडलं की पंचाईत होते.

आईचं दूध पचवायला बाळाच्या लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर तयार होतं. दुधातली साखर तोडायची, एवढंच त्याचं काम. मूल अंगावरून सुटलं की शरीर हळूहळू या कारखान्याचं शटर खाली ओढतं. मांजराचं, माकडाचं, माणसाचं, सगळ्यांचं असंच. पुढे काही हजार वर्षांपूर्वी जनावरं राखणाऱ्या काही टोळ्यांमध्ये कुणाच्या तरी जनुकांत एक अक्षर बदललं आणि शटर उघडंच राहिलं. दुष्काळात त्यांची पोरं दुधावर तगली, मोठी झाली, त्यांना पोरं झाली. बाकीच्यांचं शटर आजही बंद असतं, आणि जगात बाकीचेच जास्त आहेत. त्यांनी पेलाभर दूध प्यायलं की साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात, पोट फुगतं आणि माणूस आडोसा शोधतो. त्या आंबण्यातून हायड्रोजन निघतो, तो रक्तातून फुप्फुसात जातो आणि श्वासातून बाहेर पडतो. यंत्र तो हायड्रोजन मोजतं.

माडियांच्या बाबतीत हा प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता, कारण ते दूध पीत नव्हते. गायी पाळायच्या, बैल नांगराला जुंपायचे, पण गाय पिळायची नाही. दूध वासराचं असतं. शेजारच्या बाळाच्या तोंडचा घास काढून खावा की नाही यावर आपल्यात जशी चर्चासत्रं होत नाहीत, तशी त्यांच्यात दुधावर होत नव्हती.

मग राज्यात दूध जास्त झालं.

भुकटीची गोदामं भरली, गोदामांबाहेर पोती लागली, पोत्यांवर ताडपत्र्या आल्या. दूध होतं, प्यायला माणसं कमी पडत होती. जी प्यायची ती आधीच पोटभर पीत होती. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की जंगलातल्या आश्रमशाळांमधून हजारो मुलं आहेत, ती रोज भात आणि आमटी खातात आणि नको म्हणायला त्यांना कुणी शिकवलेलं नाही. ‘दुग्धामृत अभियान’ सुरू झालं. प्रत्येक मुलाला सकाळी दुधाची पिशवी. आठवडाभरात शाळांमागची शेतं पोरांनी भरून गेली. शाळांना संडास होते, त्यांना पाणी नव्हतं. पण तो वेगळ्या खात्याचा विषय.

अभियानाने याची गंभीर दखल घेतली. मुलांना चव आवडत नसावी म्हणून दुधात स्ट्रॉबेरी आली. तरी शेतं भरलेलीच. मग वेलची आली. मग हात धुण्याची मोहीम आली. गावाकडे ही मुलं नाचणीची जावा म्हणजे पातळ पेज खात होती, काट्यांसकट बारके मासे खात होती, आणि त्यांची हाडं व्यवस्थित चालली होती. दूध बंद करा, असं कुणी म्हटलं नाही. जो म्हणेल त्याला गोदामाचं काय करायचं तेही सांगावं लागलं असतं.

अखेर एका संस्थेने तोडगा काढला. पेय बदलायचं नाही, पोट बदलायचं. गोड थेंब तयार झाले. थेंबांत निरुपद्रवी विषाणूंची टरफलं, टरफलांत एक अतिसूक्ष्म कात्री. आतड्याच्या अस्तरात ज्या मूळ पेशींपासून बाकीच्या पेशी जन्मतात, तिथे जाऊन ती कात्री ते एक अक्षर बदलायची आणि शटर कायमचं उघडायची. काम बिनचूक होतं. परदेशातल्या नियतकालिकात तो जनुकीय चमत्कार होता. जंगलातल्या शाळेत पोहोचेपर्यंत त्याचं नाव ‘पोषण थेंब’ झालं होतं, कारण चमत्काराला पालकांची संमती लागते आणि सरबताला लागत नाही.

भामरागडच्या पलीकडे कोवेगुडा नावाच्या गावात आश्रमशाळा होती. तिथे पहिली आणि दुसरी शिकवायला लालसू पुंगाटी होते. जैनीचे वडील. गावातला पहिला शिकलेला माणूस. वयाने मोठी माणसंही त्यांना गुरुजी म्हणायची. दुसरीच्या मुलांना थेंब द्यायचे असा आदेश आला तेव्हा आया पोरांना घेऊन कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. गुरुजींनी मग सगळ्यांदेखत आपल्या मुलीला पुढे घेतलं. “बघा, माझीच पोर आहे,” म्हणाले. “जैनी, आ कर.”

जैनी दुसरीत होती. तिने आ केला. थेंब गोड होते. तिने आणखी मागितले.

तेव्हापासून तिला दूध पचू लागलं. एवढंच नाही, आवडायलाही लागलं. सुट्टीत घरी आली की चहात घालायला दूध मागायची आणि तिची आई कुम्मे नाकाला पदर लावायची. “तुझ्या तोंडाला वासराचा वास येतो गं,” म्हणायची. पण मुलगी हुशार निघाली. गुरांना लाळ्या झाला की कोवेगुड्यात डॉक्टर पोहोचत नाही, जनावर मेल्यावर पंचनाम्याला पोहोचतो. तेव्हा आपणच डॉक्टर व्हायचं, हे तिने सातवीत असताना ठरवलं आणि बारावीला तेवढे गुण मिळवून दाखवले.

दरम्यान बोगस आदिवासींचा प्रश्न चिघळला होता. पूर्वी पडताळणीत देव, कूळ, लग्नाच्या रीती, नाच असं विचारायचे. मग शहरांत त्याचे क्लास निघाले आणि खोटे अर्जदार खऱ्यांपेक्षा चांगले नाचू लागले. मंडळाला शिकवता येणार नाही असं काहीतरी हवं होतं. एका तज्ज्ञाने सांगितलं, आदिवासींना सरासरीने दूध पचत नाही. मंडळाने ‘सरासरीने’ हा शब्द गाळला. दूध न पचणारे लोक राज्यात सगळ्याच जातींत ढिगाने आहेत, असं एक सदस्य म्हणाले होते. त्यांचं म्हणणं कार्यवृत्तात नोंदवून घेण्यात आलं. आपल्याकडे एखाद्या म्हणण्याला याहून मोठी शिक्षा नाही.

तर जैनी व्हरांड्यात बसली होती. शेजारी रेशमी साडीतल्या एक बाई होत्या आणि पोट धरून वाकलेला त्यांचा मुलगा.

“किती फुंकरी झाल्या?” बाईंनी आपुलकीने विचारलं.

“चार. पट्टी हलत नाही.”

“अगं बाई! आमच्या ऋग्वेदची पहिल्याच फुंकरीला टोकाला गेली. त्याला लहानपणापासून दुधाचं वावडं. सासऱ्यांचा दूध संघ आहे, घरात नुसती गंगा वाहते, आणि हा चहासुद्धा कोरा पितो. आधी फार वाईट वाटायचं हो. सासूबाई म्हणायच्या, घराण्याला बट्टा लागला. आता कळतंय, देव उगाच काही देत नाही.”

“तुमची जमात कुठली?” जैनीने विचारलं.

“ते अजून ठरायचंय. वकील बघतायत.”

“आई, परत जावं लागतंय,” ऋग्वेद कण्हला.

“जा बाळा, जा,” बाई म्हणाल्या. इतर आया मुलगा बोर्डात आला की असा आवाज काढतात.

दुपारी जैनीला आत बोलावलं. मंडळाचे प्रमुख उमरेडकर साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधी तिला बसायला सांगितलं आणि मग तिचं आयुष्य बाजूला सारलं.

“तुम्हाला दूध पचतं.”

“हो.”

“कबूल आहे?”

“त्यात कबूल करण्यासारखं काय आहे, सर? शाळेत थेंब दिले होते. सरकारनेच दिले.”

“आम्ही विचारणा केली. ते पोषण थेंब होते. त्यात जनुकं वगैरे काही नव्हतं, असं उत्तर आलंय.”

“मग मला दूध पचतं कसं?”

“तोच तर आमचा प्रश्न आहे,” साहेब म्हणाले.

जैनी पुढे सरकून बसली. “सर, आमच्या घरात दूध पीत नाहीत. दूध वासराचं असतं असं मानतात. आई अजून चुलीवर दूध ठेवू देत नाही. हे विचारा ना मला. आमचे देव विचारा, कूळ विचारा.”

“ते सगळं सांस्कृतिक झालं. सांस्कृतिक गोष्टी शिकवता येतात. न पिणं हा पुरावा होत नाही, मॅडम. न पचणं हा पुरावा.”

“माझ्या आजाने जन्मात दूध चाखलं नव्हतं. त्याला पचतं की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं. मग तो कोण होता?”

“त्यांनी अर्ज केला होता का?”

जैनीने नकारार्थी मान हलवली.

“मग त्यांच्याविषयी मंडळाला मत नाही,” साहेब म्हणाले. थेंबांचा पुरावा आणायला त्यांनी तिला मुदत दिली आणि जाताना पाणी पिऊन जायला सांगितलं.

ती गावी गेली. कुम्मे अंगणात मासे साफ करत होती. गुरुजी खाटेवर बसले होते. बातमी त्यांना आधीच कळली होती. आणि जे बोलू नये तेच ते बोलले.

“नागपुरात उलटे थेंब मिळतात म्हणे. एक जण देतो, चोरून. शटर परत बंद होतं. एकदा घेतलेस, बदललीस. पुन्हा घे, परत होशील.”

“मी नळ आहे का, बाबो? कुणीही यावं, उघडावं, बंद करावं?”

“कागदापुरतं गं.”

“कागदापुरतं माझ्या पोटात शिरणार?”

“मग काय करू सांग! जागा जाईल तुझी.”

“जागा जाईल हे मला कळतं. मला हे सांग, तू आ कर म्हणालास आणि मी केला. त्यात काय आहे, हे तू कुणाला विचारलं होतंस?”

गुरुजींनी खाटेची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली. “विचारलं होतं. म्हणाले, पोरांना दूध पचेल. मला वाटलं, आपल्या पोरांना दूध पचलं की आपल्याला कुणी मागास म्हणणार नाही.”

“म्हणतच नाहीयेत,” जैनी म्हणाली. “तू जिंकलास. मागास नाही असं लिहूनच देतायत ते.”

कुम्मेने माशाचं पोट फाडता फाडता वर पाहिलं. “मला ने. मला पाज म्हणावं त्यांना. मी फुंकते.”

“तुझी पट्टी चढेल, यायो.”

“मग?”

“मग म्हणतील, ही पोरगी तुमची नाही.”

कुम्मेने कोयता खाली ठेवला. घरात ती एकटीच अशी होती जिने कधीच कुणावर विश्वास ठेवला नव्हता, ना सरकारवर, ना थेंबांवर, ना नवऱ्याच्या शिक्षणावर. आणि आता तिची फुंकरही कामाची नव्हती. त्या दिवसापासून जैनी वडिलांशी बोलेनाशी झाली. गुरुजींनीही बोलायचा प्रयत्न केला नाही. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो फळा पुसत बसतो, तसे ते दिवसभर शाळेत राहू लागले.

पुरावा सापडला तो डॉक्टर शबाना काझींच्या दवाखान्यात. त्या आतड्यांच्या डॉक्टर. जैनी शिकायला जिथे राहायची त्या वसतिगृहाच्या बाईंनी तिला तिकडे पाठवलं होतं. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, पाच मिनिटं अतिशय असंसदीय भाषेत बोलल्या, आणि मग दुर्बीण घालून आतड्याच्या अस्तराचा तीळभर तुकडा काढला.

“अशा कात्र्या बनवणारे आपली खूण सोडतात,” त्यांनी समजावलं. “डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. कामाचं अक्षर बदललं की शेजारच्या रिकाम्या जागेत ते आपला शिक्का मारतात. कुणी त्यांची कात्री चोरली तर कोर्टात दाखवता यावा म्हणून. तुझ्या भल्यासाठी नाही, त्यांच्या पेटंटसाठी.”

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. अक्षरांची लांबच लांब ओळ, आणि मध्ये एक तुकडा पिवळा केलेला. त्याचा अर्थ लावला की संस्थेचं आणि अभियानाचं नाव निघत होतं, आणि थेंबांचा संच क्रमांक. तो संच जैनीच्या दुसरीच्या वर्षीचा होता.

“शासनाची सही तुझ्या आतड्यात आहे,” डॉक्टर काझी म्हणाल्या. “पेशी मरतात, नव्या येतात, सही तशीच राहते. इतकी टिकाऊ सही मी कुठल्याच सरकारी कागदावर बघितलेली नाही.”

कित्येक दिवसांनी जैनी हसली. हसली आणि मग रडली, आणि डॉक्टरांनी तिला दूध घातलेला चहा दिला. तो तिने पिऊन टाकला, कारण तिला तो आवडत होता. यात तिचा काही गुन्हा नव्हता.

दुसऱ्या सुनावणीला उमरेडकर साहेबांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. मधे दोनदा चष्मा पुसला.

“हे मूळ आहे का?”

“मूळ माझ्या पोटात आहे, सर.”

“म्हणजे ही प्रत. साक्षांकित लागेल.”

“कुणाकडून?”

“ज्या कार्यालयाने मूळ निर्गमित केलं त्यांच्याकडून.”

“ते म्हणतात आम्ही असं काही दिलंच नाही.”

“अडचण आहे खरी,” साहेब म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलं. ते दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाशी भांडता येतं. साहेबांनी खुर्ची मागे सारली, छताकडे बघितलं, आणि या मुलीसाठी आपण काहीतरी करायचंच असं ठरवलं. साधारण अशाच क्षणी पळ काढायचा असतो, पण जैनीला ते कोण सांगणार?

“हे बघा, विज्ञान आम्ही नाकारत नाही. अहवाल मी ग्राह्य धरतो. माझ्या अधिकारात. दावा सरसकट अवैध करणार नाही. मधला मार्ग काढतो.”

मधला मार्ग दहा दिवसांनी टपालाने आला. त्यात लिहिलं होतं की अर्जदार जन्मापासून इयत्ता दुसरीत थेंब घेईपर्यंत माडिया जमातीची होती, हे मंडळास मान्य आहे. त्यानंतरच्या काळासाठी जमातीचा शास्त्रीय पुरावा उपलब्ध नाही. सबब वैधता त्या तारखेपर्यंत देण्यात येत आहे.

जैनीने फोन लावला. “सर, दुसरीनंतर मी कोण?”

“ते आमच्या कार्यकक्षेत येत नाही,” साहेब म्हणाले. “पण अभिनंदन. अशी वैधता मिळालेल्या तुम्ही पहिल्याच.”

पहिलीच होती, शेवटची नव्हती. जंगलातली थेंब घेतलेली पिढीच्या पिढी हळूहळू दुसरीपर्यंतची ठरू लागली. मंडळाला हा नमुना फार सोयीचा वाटला. जैनीची जागा पुढच्या फेरीत ऋग्वेदला देऊ केली गेली. वकिलाने त्याला एक जमात बघून दिली होती. त्याने जागा घेतली नाही, त्याला माणसांचा डॉक्टर व्हायचं होतं आणि तो झालाच. जागा रिकामी राहिली. एका खाणीच्या वकिलाने जिल्ह्यात विचारलं, की ज्या जमिनीवर फक्त दुसरीपर्यंतचे आदिवासी राहतात, तिला आदिवासींची जमीन कसं म्हणायचं? प्रश्न विचारार्थ पुढे पाठवण्यात आला. यात कुणाचा कट नव्हता. कट करायचा तर माणसांना एकमेकांशी बोलावं लागतं, आणि आपली खाती एकमेकांशी बोलत नाहीत.

जैनीने वरच्या कोर्टात अपील केलं, वसतिगृह सोडलं आणि जूनमध्ये गावी आली. आल्यावर आधी शाळेत गेली. वडिलांना भेटायला नाही. आजवर मनात साठलेलं सगळं एकदाच, त्यांच्या वर्गासमोर, त्यांच्याच मुलांदेखत बोलून टाकायला. दारातूनच तिने आत पाहिलं आणि बोलायचं सोडून चपला काढल्या.

त्यानंतर आठवड्याने थेंबांची गाडी कोवेगुड्याला आली. अभियानाचे तालुका समन्वयक उतरले, मागून ड्रायव्हर बर्फाची पेटी घेऊन. समन्वयक थेट दुसरीच्या वर्गात गेले. वर्गाला कुलूप होतं. शेजारच्या पहिलीच्या वर्गात एवढी गर्दी होती की पोरं खिडकीच्या कठड्यावर बसली होती.

“गुरुजी, दुसरी कुठंय?”

“दुसरी नाही यंदा,” लालसू गुरुजी म्हणाले. “सगळे पहिलीत नापास झाले.”

“सगळे?”

“एकजात. मठ्ठ आहेत. तुमच्याच अहवालात असतं ना तसं.”

“अहो, पहिलीत नापास करता येत नाही! नियम आहे.”

“माझ्यावर कारवाई करा.”

“आणि थेंब?”

“आदेशात दुसरीच्या मुलांना द्यावेत असं आहे. दुसरीची मुलं दाखवा, देतो.”

समन्वयकांनी घाम पुसला. ते वर्गात दोन पावलं शिरले आणि पोरं मोजू लागले. मोजता मोजता मागच्या रांगेवर थांबले. तिथे भिंतीला टेकून, मांडी घालून, मांडीवर पाटी घेऊन एक मोठी मुलगी बसली होती. उंच, दोन वेण्या, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन शेंबडी पोरं तिला रेलून.

“ही कोण? ही बारावी झालेली दिसते!”

“माझी मुलगी आहे,” गुरुजी म्हणाले. “बारावी झाली होती. पण सरकारला ती दुसरीपर्यंतच सापडली. पुढचं कुणी मानत नाही. म्हणून परत पहिलीपासून बसवली. या खेपेला दुसरीत जाणार नाही ती. कुणीच जाणार नाही.”

“हे चालणार नाही. मी वर कळवतो. नोकरी जाईल तुमची, गुरुजी.”

“कळवा. मला हजेरी घ्यायचीय.”

त्यांनी हजेरीपट उघडलाच नाही. नावं त्यांना पाठ होती. एकेक नाव पुकारत ते मागच्या रांगेपर्यंत आले, तिथे जरासे अडखळले, कारण ते नाव त्यांनी कित्येक महिन्यांत तोंडातून काढलं नव्हतं.

“जैनी लालसू पुंगाटी.”

जैनीने वडिलांकडे नाही, समन्वयकांकडे रोखून बघितलं आणि ‘हजर’ म्हणाली. इतक्या जोरात की बाहेर बर्फाच्या पेटीवर टेकलेला ड्रायव्हर उठून उभा राहिला.